भाकणूक आणि पडद्यावरचे बाजारपंडित

दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची यात्रा भरते. होमविधीनंतर रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ असे पदार्थ ठेवले जातात आणि त्याच्या वागण्यावरून येत्या वर्षाचे पाऊसपाणी व बाजारभाव यांविषयी अंदाज बांधले जातात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने या भाकणुकीवर माझा विश्वास कधी बसला नाही. तथापि तिच्याविषयी दोन गोष्टी मान्य केल्याच पाहिजेत. ती सर्वांसमक्ष, सर्वांना एकाच वेळी कळते; आणि भाव चढो वा उतरो, वासराला त्यातून काहीही मिळायचे नसते. दूरचित्रवाणीवर रोज सकाळी जी भाकणूक चालते, तिच्याविषयी एवढे तरी म्हणता येईल काय?

हा प्रश्न मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे पडला. तो एका विनाअनुदानित शाळेत शिक्षक आहे. वडील यंत्रमागावर राबले, आईने आयुष्यभर विड्या वळल्या. दोघांनी म्हातारपणासाठी साठवलेल्या पावणेदोन लाखांपैकी साठ हजार रुपये त्याने वाहिनीवरचे सल्ले ऐकून आठ महिन्यांत घालवले होते. घरी त्याने हे सांगितले नव्हते. मला वाटले, तो पश्चात्ताप सांगायला आला असावा. पण त्याचा प्रश्न निराळाच होता. ‘सर, या तज्ज्ञांपैकी खरा कोण, तेवढे सांगा. म्हणजे उरलेल्या पैशांतून गेलेले भरून काढता येतील.’ एक तज्ज्ञ चुकला तर दुसरा बरोबर असेल, ही त्याची श्रद्धा मात्र अभंग होती.

या श्रद्धेला आधार किती, हे तपासणे अवघड नाही. १९३३ साली आल्फ्रेड कौल्स या अमेरिकन संशोधकाने शेअर बाजाराचे भविष्य सांगणाऱ्यांना ते खरोखर सांगता येते काय, असा सरळ प्रश्न विचारून अनेक सल्लागार संस्थांच्या शिफारशींचा हिशेब मांडला. त्यांनी सुचविलेल्या शेअरांची सरासरी कामगिरी बाजाराच्या सरासरीहूनही कमी भरली, आणि भविष्य सांगता येते याविषयी शंका आहे, असे उत्तर त्याला द्यावे लागले. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जी बातमी सर्वांना ठाऊक आहे, ती भावात आधीच उतरलेली असते. आणि जी कोणालाच ठाऊक नाही, ती पंडितालाही ठाऊक नसते.

ही झाली प्रामाणिक पंडिताची मर्यादा. ज्याला उद्याचा भाव ठाऊक नाही, त्याला एक गोष्ट मात्र नक्की ठाऊक असते. आपण नाव घेताच हजारो प्रेक्षक तो शेअर घेऊ लागतील आणि भाव काही काळ चढेल. हेच ज्ञान खरे मोलाचे आहे आणि गैरव्यवहार त्याच्याच आधारे होतो. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने सीएनबीसी आवाज या वाहिनीचे निवेदक हेमंत घई यांच्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला. जे शेअर दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात सुचवले जाणार, ते आदल्या दिवशी निकटच्या कुटुंबीयांच्या खात्यांतून घ्यायचे आणि प्रक्षेपणानंतर विकायचे, असा तो आरोप होता. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी झी बिझनेस या वाहिनीवरील पाहुण्या तज्ज्ञांच्या प्रकरणात सेबीने आदेश काढून १५ जणांवर निर्बंध घातले आणि ७ कोटी ४१ लाख रुपये गोठवले. शिफारशीची वार्ता प्रक्षेपणापूर्वीच काही ठरावीक लोकांना दिली जाई आणि नफ्यात वाटणी होई, असा तेथे प्रथमदर्शनी निष्कर्ष होता. जून २०२५ मध्ये संजीव भसीन या पडद्यावर नित्य दिसणाऱ्या तज्ज्ञाविरुद्ध आणि इतर ११ जणांविरुद्ध याच धर्तीचा आदेश निघाला. त्यातील रक्कम ११ कोटी ३७ लाख रुपयांची होती.

या तिन्ही प्रकरणांत प्रेक्षकाची भूमिका एकच आहे. कोणीतरी चढ्या भावात घेतल्याशिवाय दुसऱ्याला चढ्या भावात विकता येत नाही. तो घेणारा म्हणजे आपला प्रेक्षक. सल्ला त्याच्या हितासाठी दिला जात आहे अशी त्याची समजूत असते. वस्तुतः तो गिऱ्हाईक म्हणून आणवला गेलेला असतो.

येथे कोणी म्हणेल की काही लबाडांवरून सर्वांना दोष देणे अन्यायाचे आहे. ते मला मान्य आहे. अर्थसंकल्पाचा अर्थ, कंपन्यांचे ताळेबंद, व्याजदरातील फेरफार हे समजावून सांगणारे अभ्यासू लोकही या पडद्यावर येतात. परंतु प्रश्न व्यक्तीच्या सचोटीपुरता नाही, तो व्यवस्थेचा आहे. अर्थवाहिनीला जाहिराती मिळतात, त्यांत शेअरदलाली पेढ्यांचा मोठा वाटा असतो. दलालाचे उत्पन्न गिऱ्हाइकाच्या नफ्यावर अवलंबून नसून उलाढालीवर असते. ‘काही करू नका, थांबा,’ हा बहुधा सर्वांत शहाणपणाचा सल्ला. पण त्यातून कोणाचीच दलाली निघत नाही. शिवाय सल्ला चुकला तर पंडिताचे मानधन कापले जात नाही आणि महिन्यापूर्वी तो काय म्हणाला होता, याची नोंद त्याच पडद्यावर सहसा दाखवली जात नाही.

वायदे व्यवहारांत याचा परिणाम सर्वांत उघड दिसतो. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी सांगितले होते. म्हणजे हा श्रीमंतांचा शौक राहिलेला नाही. या सर्व तोट्याचे खापर पंडितांवर फोडता येणार नाही, हे खरे. परंतु झटपट नफ्याची भाषा घरोघरी पोचवण्यात त्यांचा वाटा लहान नाही.

मग माझ्या विद्यार्थ्यासारखी माणसे तेथे जातात तरी का? केवळ लोभ म्हणून हा प्रश्न निकाली काढणे सोपे, पण खोटे आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १,००० रुपये. त्याच्या शाळेत तेवढीही शाश्वती नाही. ठेवींवरचे व्याज महागाई खाते. सहकारी बँकेवर भरवसा ठेवावा, तर सोलापूरच्याच लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केल्याचे त्याने पाहिले आहे. वार्धक्याची जबाबदारी समाजाने अंगावेगळी केली, की ती एकट्या माणसावर पडते. आणि एकटा माणूस ठामपणे बोलणाऱ्याच्या मागे जातो.

नियम नाहीत असे नाही. २०१४च्या संशोधन-विश्लेषकविषयक नियमांनीच शिफारशीच्या मागेपुढे त्या शेअरात व्यवहार करण्यास बंधने घातली आहेत. तरीही वरील प्रकरणे घडली. म्हणून आणखी दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक शिफारशीची तारीखवार नोंद ठेवून तिचा परिणाम त्याच वाहिनीवर, तितक्याच ठळकपणे दाखवणे बंधनकारक करावे. तसेच, अशा प्रकरणांत वसूल होणारी रक्कम फसलेल्या प्रेक्षकापर्यंत पोचण्याची वाट शोधावी. आपल्याकडूनही एक चूक झाली आहे. शेअर बाजार म्हणजे सट्टा, असे म्हणून आपण त्याकडे पाठ फिरवली आणि कामगाराच्या मुलाला त्याविषयी शिकवण्याचे काम दलालांवर सोडून दिले. कामगार संघटनांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी हे वर्ग आता चालवले पाहिजेत.

त्या विद्यार्थ्याला मी कोणाचेही नाव सांगितले नाही. ‘जो सांगतो आहे त्याच्याकडे तो शेअर आधीपासून आहे काय, त्याला पैसे कोण देतो, आणि गेल्या वर्षी तो काय म्हणाला होता, ही तीन उत्तरे मिळेपर्यंत त्याचे ऐकू नकोस,’ एवढेच म्हटले. उरलेले पैसे पोस्टात आईच्या नावे ठेव आणि आज घरी जाऊन खरे काय ते सांग, असेही सुचवले. पैसे ठेवायला तो लगेच तयार झाला. घरी सांगण्याचे मात्र त्याला अजून जमलेले नाही.