पावाचा रंग आणि पावाचे सत्त्व

कापलेल्या पावाचा पुडा आज भारतातील लहानमोठ्या सर्व शहरांत घरोघरी पोचला आहे. मुलांच्या डब्यात, वसतिगृहांच्या न्याहारीत, रुग्णालयांतील ताटांत आणि कामावर निघालेल्या मजुराच्या हाती तो दिसतो. जो पदार्थ इतक्या लोकांच्या पोटात रोज जातो, त्यात काय आहे व काय नाही, हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

यंत्राने कापलेला पाव प्रथम १९२८ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात, चिलिकॉथी या गावी विक्रीस आला. ऑटो रोहवेडर यांनी तयार केलेल्या यंत्राने तो कापला होता. भारतात केंद्र सरकारने १९६५ साली मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली, आणि पुड्यातील पाव सामान्य माणसाच्या ओळखीचा झाला. ही कंपनी २००० साली खाजगी मालकीकडे गेली. परंतु तोवर पाव खाण्याची सवय देशभर रुजली होती.

पावाचे सत्त्व समजून घ्यावयाचे तर प्रथम गव्हाचा दाणा पाहिला पाहिजे. दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचे आवरण म्हणजे कोंडा, एका टोकाला असलेला इवलासा अंकुर, आणि मधला पांढरा पिष्टमय गाभा. वजनाने पाहिल्यास गाभा शेकडा ८० हून थोडा अधिक, कोंडा शेकडा १४ ते १५ आणि अंकुर शेकडा ३ च्या आतबाहेर भरतो. मैदा तयार करताना कोंडा व अंकुर काढून टाकतात. परंतु दाण्यातील तंतुमय भाग, लोह व ब-गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा नेमका त्यांतच साठविलेला असतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवरून हा फरक स्पष्ट होतो. १०० ग्रॅम कणकेत तंतुमय भाग सुमारे ११ ग्रॅम, तर तितक्याच मैद्यात तो ३ ग्रॅमहूनही कमी असतो. लोह कणकेत सुमारे ४ मिलिग्रॅम, तर मैद्यात २ मिलिग्रॅमहून कमी. प्रथिनांचे प्रमाण मात्र दोहोंत जवळजवळ सारखेच, म्हणजे १० ग्रॅमच्या थोडे वर असते. तेव्हा मैद्याचा पाव निःसत्त्व आहे, हे म्हणणे जितके चूक, तितकेच तो कणकेच्या पोळीइतका सकस आहे, हे म्हणणेही चूक होय. पांढऱ्या पावाच्या चार कापांतून, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम पावातून, साधारण २५० कॅलरी उष्णता व ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याबरोबर १ ग्रॅमच्या आसपास मीठही पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे.

आता प्रश्न असा की, मैद्याच्या पावाने मुलांची वाढ खुंटते काय? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने शोधले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एल्सी विडोसन व रॉबर्ट मॅकॅन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जर्मनीतील डुइसबुर्ग व वुपरटाल येथील अनाथालयांत कुपोषित मुलांना निरनिराळ्या पिठांचा पाव दिला. काहींना अख्ख्या गव्हाचा, काहींना पांढरा, तर काहींना जीवनसत्त्वे मिसळलेला पांढरा. सर्वच गटांतील मुलांची उंची व वजन जवळपास सारखेच वाढले. हे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पांढऱ्या पावाच्या टीकाकारांना ते अनपेक्षित वाटले.

परंतु या प्रयोगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या मुलांना पाव हवा तितका मिळे आणि त्याच्याबरोबर बटाटे व भाजीपालाही मिळे. पावात जे उणे होते ते ताटातील इतर पदार्थांनी भरून काढले. भारतातील कित्येक मुलांची न्याहारी मात्र पाव आणि गोड चहा एवढ्यावरच संपते. त्यांच्या ताटात उणीव भरून काढणारे दुसरे काही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शेकडा ६७ मुलांत रक्तक्षय आढळला. त्याचा दोष एकट्या पावावर ठेवता येणार नाही. पण अशा देशात रोजच्या अन्नातील लोह निम्म्याहून खाली येणे ही क्षुल्लक गोष्ट खास नव्हे. कोंड्यातील फायटिक आम्लामुळे कणकेतील लोहही शरीरात पूर्णपणे शोषले जात नाही, हे खरे आहे. म्हणूनच पाव कोणताही असो, त्याच्या जोडीला उसळ, अंडे, पालेभाजी किंवा लिंबू, पेरू यांसारखे क जीवनसत्त्वयुक्त फळ असावे.

जाणकार गृहिणी यावर उपाय म्हणून तपकिरी पाव घेते. येथेच तिची फसगत होण्याचा संभव असतो. पावाचा तपकिरी रंग कोंड्याने येतो, तसाच तो जळक्या साखरेच्या रंगानेही आणता येतो. घटकांच्या यादीत हा रंग १५० या क्रमांकाने दर्शविलेला असतो. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर पुड्यावर गव्हाच्या ओंबीचे कितीही सुंदर चित्र असले तरी तो पाव मुख्यतः मैद्याचाच समजावा. परंतु ही यादी पुड्याच्या मागे, बारीक अक्षरांत असते, आणि ती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की कायद्याचे समाधान होते. ज्या मजुराला वा आजीबाईला तमिळ, बंगाली किंवा मराठीच वाचता येते, तिच्यापुरती ती यादी असून नसल्यासारखीच.

यासाठी एक साधी सुधारणा व्हावयास हवी. पावात अख्ख्या गव्हाचे पीठ शेकडा किती आहे, हे पुड्याच्या दर्शनी भागावर, ठळक आकड्यांत आणि त्या त्या प्रांताच्या भाषेत छापणे सक्तीचे असावे. यामुळे खर्च वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण पुड्यावर चित्रे व रंग छापण्यास जो खर्च येतो त्यापुढे एका आकड्याचा खर्च तो काय? माहिती उघड झाली की सुधारणा होते, याचा पुरावाही आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने मे २०१६ मध्ये पावाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात पोटॅशियम ब्रोमेट या संशयित कर्करोगकारक द्रव्याच्या वापरावर सरकारने बंदी घातली.

तोवर शाळांनी एक उपक्रम अवश्य करावा. विद्यार्थ्यांनी बाजारातील पाच प्रकारच्या पावांचे पुडे जमवावेत, त्यांवरील घटकांची यादी वाचावी, आणि पिठाचा प्रकार, तंतुमय भाग, मीठ व किंमत यांचे कोष्टक करून भिंतीवर लावावे. पुड्यावरील नाव आणि आतील पाव यांत किती अंतर आहे, हे त्यांना एका तासात कळेल, आणि ते कोष्टक घरी पोचले की खरेदीही डोळसपणे होऊ लागेल.