पाटा वाढला, भार कोणाच्या माथी?

मालवाहू टेंपोच्या मागील कमानीत जादा पाटे बसवून घेणारे मालक बाजारपेठांलगतच्या गॅरेजांतून नेहमी दिसतात. गाडी मागे बसते, खड्ड्यात आदळते, म्हणून आणखी एक-दोन पाटे. हा उपाय स्वस्त असून त्याचा गुणही लगेच दिसतो. त्यास सरसकट दोष देणे न्याय्य नव्हे. पाटे थकले असतील तर ते बदललेच पाहिजेत. मागे बसलेल्या गाडीची पुढील चाके हलकी होतात, स्टिअरिंगवरील ताबा ढिला पडतो आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. ठरलेल्या मर्यादेत माल वाहणाऱ्याने कमान दुरुस्त करून घेणे हे शहाणपणाचेच होय.

परंतु पाटा वाढविल्याने गाडी ताठ उभी राहते, तिची वहनक्षमता वाढत नाही. आस, बेअरिंग, टायर, ब्रेक सारे पूर्वीचेच असते. समजा, ८०० किलो वजनाच्या गाडीस ७५० किलो माल वाहण्याची परवानगी आहे आणि तीत दीड टन भरला. एकूण वजन १,५५० वरून २,३०० किलोंवर गेले. त्याच वेगातून थांबताना त्याच ब्रेकना आता जवळजवळ दीडपट ऊर्जा जिरवावी लागणार. गाडी रिकामी परतताना ताठर कमानीमुळे मागील चाके उसळतात, ते वेगळेच. मागे बसलेली गाडी निदान धोक्याची सूचना तरी देत होती. पाट्याने तीही बंद केली.

मग शहाणासुरता मालक हे का करतो? कर्जाचा हप्ता, विमा, चालकाचा पगार हे खर्च माल कमी भरल्याने कमी होत नाहीत. जादा दहा पोत्यांसाठी डिझेल थोडेच अधिक लागते; त्यांचे भाडे बहुतांशी नफाच वाटते. मात्र हा नफा पहिल्या काही जणांपुरताच टिकतो. सर्वांनीच पाटे वाढविले की पोत्यामागील भाडे स्पर्धेने खाली येते. जो कायद्याप्रमाणे भरतो त्याला त्या दरात खर्चही सुटत नाही. अखेरीस लाभ माल पाठविणाऱ्याच्या पदरी पडतो. जोखीम मात्र चालकाच्या आणि वाटेवरील पादचाऱ्याच्या वाट्यास येते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगते. तो केवळ गाडी चालविणाऱ्यास नव्हे, तर ती तशी चालवावयास लावणाऱ्यासही लागू आहे. या दुसऱ्या शब्दांना व्यवहारात वजन आले पाहिजे. बाजार समित्या, कारखाने आणि गोदामे यांच्या फाटकावरच वजनकाट्याची पावती सक्तीची करावी आणि मर्यादेबाहेर भरलेल्या मालाची जबाबदारी भरणाऱ्यावर टाकावी. रस्त्यात गाडी अडविण्यापेक्षा फाटकावर ती न सोडणे अधिक स्वस्त आणि अधिक न्याय्य आहे.

तसे झाले तर भाडे काहीसे वाढेल, हे मान्य केले पाहिजे. पण आज ती रक्कम वाचत नाही. ती दुसऱ्याच्या जिवावर उधार घेतली जाते. ही उधारी थांबविणे पाट्यांच्या हाती नाही, ते माल भरणाऱ्यांच्या आणि शासनाच्या हाती आहे.