पहलगामचा हिशेब

पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्यांना सरकारने हुतात्म्यांचा दर्जा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हुतात्मा धोका ओळखून पुढे जातो. पहलगामजवळच्या बैसरणच्या कुरणात गेलेले पर्यटक मात्र सरकारच्याच भरवशावर निर्धास्त होते. (हल्लेखोरांना अडवू पाहणारा स्थानिक घोडेवाला हा अपवाद, त्याचे शौर्य स्वतंत्रपणे गौरवावे.) बाकीच्यांच्या मृत्यूला बलिदान ठरवले, की बंदोबस्ताबद्दल विचारणाराच त्यांचा अवमान करतो असे म्हणता येते. सुरक्षेत त्रुटी राहिल्याचे जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलै २०२५ मध्ये मान्य केले. ती कबुली हारतुऱ्यांखाली झाकली जाऊ नये.

नातेवाइकांना राजकारण नको, सन्मान आणि आधार हवा आहे, हा आक्षेप रास्तच आहे. पण आधार दर्जावर अवलंबून ठेवला, तर तो ज्याचा आवाज मोठा त्यालाच मिळेल. पहलगामच्या मृतांना दर्जा दिला आणि ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांतील मृतांना नाही, याचे समर्थन कसे करणार? महाराष्ट्राने पहलगाममधील आपल्या मृतांच्या कुटुंबांना ५० लाख रुपये दिले. दहशतवादातील नागरी बळींसाठीच्या केंद्राच्या योजनेत रक्कम ५ लाखांची आहे. केंद्राने ती वाढवावी, वारसांच्या नोकरीचा हक्क नियमांत लिहावा, आणि २२ एप्रिलच्या दुपारी बैसरणमध्ये बंदोबस्त का नव्हता, याचा अहवाल संसदेपुढे ठेवावा.