लपलेला राजा आणि गस्तीचा शिपाई

अद्भुतकथेत पहारेकऱ्याला सहसा नाव नसते. नायक राजवाड्यात शिरतो, पहारेकऱ्यांची तुकडी धावून येते, एकामागून एक त्याच्या तलवारीला बळी पडते आणि कथा पुढे सरकते. त्या पहारेकऱ्यांना घरदार असेल, महिन्याचे वेतन असेल, मरण्याविषयी त्यांचेही काही मत असेल, हा विचार कथाकाराच्या मनात येत नाही. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट (१९४८-२०१५) यांनी आपली 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' ही १९८९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अशाच अनामिक पहारेकऱ्यांना अर्पण केली आहे. १९८३ साली सुरू झालेल्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतील ही आठवी कादंबरी. ती केवळ कुमारांसाठी लिहिलेली नाही. तथापि तिच्या केंद्रस्थानी खेड्यातून महानगरात आलेला एक नवशिका शिपाई आहे, आणि कुमारवय ओलांडणाऱ्या वाचकाला ती सहज आपलीशी वाटते.

भारतीय भाषांतील समीक्षेने अशा पुस्तकांकडे प्राय: दोनच दृष्टींनी पाहिले आहे. अद्भुत असेल तर ते पलायन, आणि कुमारांसाठी असेल तर त्यातून संस्कार कोणता होतो, एवढीच पृच्छा. या दोन्ही दृष्टी या कादंबरीपाशी अपुऱ्या पडतात. तिच्यात उपस्थित झालेला प्रश्न भारतीय साहित्याचा जुना प्रश्न आहे: माणसाला अधिकार कशाने प्राप्त होतो, जन्माने की नियुक्तीने?

कादंबरीतील अंख-मॉरपॉर्क हे नगर व्यवहारचतुर आहे. तेथील शासक व्हेटिनारी याने गुन्हेगारीचा बंदोबस्त करण्याऐवजी तिला रीतसर संघटित केले आहे. चोरांचा संघ आहे, वार्षिक चोऱ्यांचे प्रमाण ठरलेले आहे, आणि लुटल्या गेलेल्या नागरिकाला पावतीही मिळते. अशा नगरात रात्रीच्या गस्तीला काही कामच उरलेले नाही. तिचा कप्तान व्हाइम्स दारूच्या आहारी गेलेला. हाताखाली कोलन आणि नॉबी हे दोन जुने, सावध, संकट दिसताच मागे राहणारे सहकारी. या गस्तीत कॅरट नावाचा तरुण आपण होऊन भरती होतो, आणि हीच त्या नगरातील पहिली अद्भुत घटना होय. कारण तेथे स्वखुशीने कोणी येत नसते.

कॅरट मनुष्य आहे, पण खाणीत राहणाऱ्या बुटक्यांच्या जमातीने त्याला वाढवले आहे. त्याच्याजवळ नगराच्या कायद्यांचे एक जुने पुस्तक आहे आणि ते त्याला तोंडपाठ आहे. त्या पुस्तकातील कायदे कोणी रद्द केलेले नाहीत. ते फक्त वापरातून गेले आहेत. कॅरटला हा भेद ठाऊक नाही. म्हणून तो चोरसंघाच्या अध्यक्षालाच चोरीच्या आरोपावरून पकडतो. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की येथे भोळेपणा कॅरटचा नसून विसर नगराला पडलेला आहे.

या नगरात एक गुप्त मंडळी ग्रंथाच्या साह्याने एका महासर्पाला, ड्रॅगनला, बोलावून आणते. त्यांचा बेत असा की एका बनावट राजपुत्राने ड्रॅगनचा वध केल्याचा देखावा करावा, लोकांनी त्याला राज्याभिषेक करावा आणि सूत्रे आपल्या हाती राहावीत. बेत फसतो आणि ड्रॅगनच सिंहासनावर बसतो. तो सोने मागतो, पुढे कुमारिकेचा बळी मागतो. आणि नगरातील प्रतिष्ठित मंडळी ही मागणी कशी व्यवहार्य आहे याची चर्चा करू लागतात. कादंबरीतील खरे भय ड्रॅगनच्या ज्वाळांचे नाही, या चर्चेचे आहे. जुलूम चालतो तो मुख्यत: सभ्य माणसांच्या समजूतदारपणावर, ही गोष्ट तरुण वाचकाला इतक्या स्वच्छपणे सांगणारे लेखन कोणत्याही भाषेत विपुल नाही. तिला पलायन म्हणणे कठीण आहे.

शेवटी ड्रॅगन खाली कोसळतो आणि आतापर्यंत मुकाट असलेला जमाव त्याच्या जिवावर उठतो. त्या क्षणी कॅरट काय करतो? तो ड्रॅगनला अटक करतो. प्रसंग हास्यास्पद आहे आणि तरीही कादंबरीचे सर्व गांभीर्य त्यात साठलेले आहे. कायदा बलवानाला लागू होतो तसा पडलेल्यालाही संरक्षण देतो, अन्यथा तो कायदा नव्हे. ही त्या कृतीची भूमिका. गस्तीला बक्षीस विचारले जाते, तेव्हा हे लोक मागतात ते थोडीशी वेतनवाढ, चहाची नवी किटली आणि बाणफेकीच्या खेळाची फळी.

कॅरटचे एक रहस्य मात्र लेखकाने उघडपणे सांगितलेले नाही. त्याच्या अंगावर मुकुटाच्या आकाराची जन्मखूण आहे, त्याच्याजवळ एक जुनी तलवार आहे. नगराच्या लुप्त राजवंशाचा तो वारस असावा, याच्या सर्व खुणा वाचकासमोर मांडलेल्या आहेत. लोककथेचा नियम असा की खूण पटली की मुकुट डोक्यावर चढावा. येथे खूण पटते ती वाचकाला; नगराला नाही. पुढील 'मेन अ‍ॅट आर्म्स' (१९९३) या कादंबरीत तर पुरावा खुद्द कॅरटच्या हाती येतो आणि तो त्याचा उपयोग करीत नाही. तो शिपाई राहणे पसंत करतो.

या निवडीचे महत्त्व भारतीय परंपरेच्या शेजारी ठेवल्यावर अधिक उमगते. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या प्रवेशकात नगररक्षक येतात ते एका कोळ्याला बांधून, मारीत. त्याच्याजवळ राजाची अंगठी सापडलेली आहे. त्याला वधस्तंभाकडे नेण्यासाठी एका रक्षकाचे हात शिवशिवत असतात. राजाकडून उलट बक्षीस येताच कोळी त्यातला अर्धा वाटा रक्षकांना देतो आणि सगळे मिळून मद्याच्या दुकानाकडे जातात. हा प्रवेश विनोदाचा खरा, पण कथानकाची कळही तोच आहे. रक्षकांच्या हातून अंगठी राजाकडे जाते, राजाला स्मृती येते आणि अखेर राजपुत्र ओळखला जातो. आपण कोणती ओळख पुढे पोचवीत आहो याची त्या रक्षकांना कल्पनाही नसते.

'मृच्छकटिका'च्या सहाव्या अंकात हा धागा अधिक गुंतागुंतीचा होतो. बंदिवासातून निसटलेला आर्यक गाडीत लपलेला आहे; तो राजा होणार असे भाकीत आहे. वीरक आणि चंदनक हे दोन रक्षक गाडी अडवतात. चंदनक आत डोकावतो, आर्यकाला ओळखतो, अभय देतो आणि सहकाऱ्याशी खोटे बोलतो. वीरकाला संशय येतो, भांडण जुंपते, आणि दोघे एकमेकांच्या जातीवर येतात. चंदनक वीरकाच्या न्हावीपणाकडे बोट दाखवतो, वीरक चंदनकाच्या चर्मकारपणाकडे. नियुक्तीने दोघेही समान अधिकारी असताना भांडणात हाताशी येते ते जन्माचे शस्त्र. शूद्रकाची नजर येथे किती तीक्ष्ण आहे हे सांगावयास नको. तथापि नाटकाची अखेर काय होते? आर्यक राजा होतो आणि चंदनकाला रक्षकदलाचे प्रमुखपद मिळते. कर्तव्य मोडून राजाला वाट दिली, त्याचे हे पारितोषिक. राज्य जुलमी होते म्हणून चंदनकाची कृती नैतिक ठरते हे मान्य. पण न्याय मिळतो तो राजा बदलल्यामुळे.

दोन्ही नाटकांत नगररक्षक ज्या दारात उभा आहे त्यातून राजा आत येतो. प्रॅचेटच्या कादंबरीत राजा स्वत:च पहाऱ्यावर उभा आहे आणि त्याने ते दार आतून लावून घेतले आहे.

प्रेमचंदांच्या 'नमक का दारोगा' या कथेशी तुलना केल्यास आणखी एक भेद पुढे येतो. वंशीधरही नवशिका आहे, प्रामाणिक आहे, आणि तोही नगरातील सर्वांत प्रतिष्ठित गुन्हेगाराला, पंडित अलोपीदीनला, पकडतो. न्यायालयात अलोपीदीन सुटतो आणि वंशीधरची नोकरी जाते. नंतर अलोपीदीन स्वत: त्याच्या दारी येऊन आपल्या मिळकतीचा कारभार त्याच्या हाती देतो. या शेवटाला हृदयपरिवर्तन म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु सचोटीला सरकारी चौकीत जागा उरली नाही आणि तिला धनिकाच्या खाजगी चाकरीत आसरा मिळाला, असेही त्याचे वाचन होऊ शकते, आणि ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. कॅरट चौकीतच राहतो. किटली चौकीसाठीच मागितली जाते. सार्वजनिक सचोटीला सार्वजनिक जागा मिळणे, हे या अद्भुतकथेतील सर्वांत मोठे अद्भुत.

ही कादंबरी मराठीत आणावयाची ठरल्यास भाषांतरकारापुढे पहिलीच अडचण 'गार्ड' या शब्दाची उभी राहील. 'कोतवाल' म्हणावे तर विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकानंतर त्या शब्दावर घाशीरामाची छाया पडलेली आहे. आणि नाटकामागे इतिहासही आहे. १७९१ साली पुण्यात कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेली आणि संतप्त जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. 'पोलीस' म्हणावे तर १८५७ च्या उठावानंतर आलेला १८६१ चा कायदा आठवतो. ते दल प्रजेवर राज्य करण्यासाठी उभारले गेले होते. गावगाड्यातील 'जागल्या' हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा, रात्री जागून गाव राखणारा. पण जागल्या होता येत नसे, जागल्या म्हणून जन्मावे लागे. महार वतनात पहारा, निरोप, सरकारी कामे ही सर्व पिढीजात आणि जवळजवळ बिनमोबदला होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात बदल सुचविणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

या शब्दांच्या अडचणीतच कादंबरीचे मोल दिसते. कॅरट आपण होऊन पहारेकरी होतो, ही घटना इंग्रजी वाचकाला गमतीची वाटेल. ज्या समाजात पहारा ही जन्माची सक्ती होती आणि सिंहासन हा जन्माचा हक्क होता, तेथील वाचकाला तिचा अर्थ वेगळा लागेल. एक तरुण जन्माने मिळालेले श्रेष्ठत्व नाकारतो आणि ज्या कामाला कोणी प्रतिष्ठा देत नाही ते निवडतो. दोन्ही टोकांनी जन्माची साखळी सुटते.

या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल आणि तो टाळण्याजोगा नाही. कॅरटचे म्हणणे लोक ऐकतात ते का? तो बोलला की भांडणे थांबतात, गुंड नरम येतात. लेखक पुन:पुन्हा सुचवतो की त्याच्या वागण्यात काही उपजत तेज आहे. ते तेज राजरक्ताचे असेल तर जन्म पुढच्या दाराने घालविला आणि मागच्या दाराने परत घेतला, असेच म्हणावे लागेल. हा दोष कादंबरीत आहे. परंतु त्याला तोल देणारे पात्रही तिच्यात आहे. व्हाइम्सजवळ ना तेज, ना वंश; बेवड्यातून पुन्हा माणूस होताना त्याच्या हाताला लागते ते फक्त नेमून दिलेले काम. कॅरट नियम सहज पाळतो, कारण तो त्याला कधी अवघड वाटलाच नाही. व्हाइम्स तो पाळतो तेव्हा त्याची किंमत मोजतो. वाचक कॅरटवर लुब्ध होईल, पण लोकशाहीला गरज पडते ती व्हाइम्सची, कारण गुप्त राजपुत्र सर्वांना पुरण्याइतके नसतात.

भारतीय भाषांतील कुमारवाङ्मयाने साहसी मुले दिली, चतुर हेर दिले, शूर राजपुत्र तर विपुल दिले. फास्टर फेणेसारखा पोरगा मराठी वाचकाच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा सोबती झाला. पण हा नायक बहुधा व्यवस्थेच्या बाहेरून येतो, गुन्हेगार पकडतो आणि शेवटी त्याला पोलिसांच्या स्वाधीन करतो. स्वाधीन केल्यानंतर काय होते, त्या चौकीत कोण बसलेले असते, त्याचे वेतन किती, त्याच्यावर दडपण कोणाचे, हे पुढचे प्रकरण लिहिले गेलेले नाही. ते वास्तववादी रीतीने लिहिले तर कुमार वाचकाच्या वाट्याला केवळ निराशा येईल, अशी भीती लेखकांना वाटत असावी. अद्भुताचा उपयोग नेमका येथे आहे. कायदा खरोखरच सर्वांना सारखा लागू झाला तर नगर कसे दिसेल, याची कल्पना करण्यासाठी आज तरी अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो. ज्या समीक्षेला ही कल्पना पलायन वाटते, तिने हे एकदा तपासून पाहावे की पळ कोण काढीत आहे: नगराच्या दारात उभे राहून ड्रॅगनला अटक करणारा तो शिपाई, की त्याला हसणारे सभ्य नागरिक.