कट्टे किती ते नंतर, हूक कुठे ते आधी

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात धानाचे पुंजणे चुरायला सुरुवात होते आणि पुढचे दोन-तीन महिने रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे असतात. गोरेगाव, आमगाव, तिरोड्याकडून मिलकडे, देवरी-सालेकसा पट्ट्यात आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्राकडे, रांगाच रांगा. याच सुमारास वेल्डिंगच्या दुकानांत नव्या ट्रॉलीचे सौदे ठरतात. सौद्यातला पहिला प्रश्न ठरलेला: किती कट्टे बसतील? मग टायर नवे की रिमोल्ड, कमानीला पाटे किती, हायड्रॉलिक लावायचे का, रंग कोणता. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथे एकमेकांना भेटतात त्या हातभर जागेबद्दल क्वचितच कोणी विचारतो. हूक जो असेल तो, पिन जी मिळेल ती.

निवड चुकते ती इथे. ट्रॅक्टर किती एचपीचा, यावरून तो किती ओढेल हे कळते. तो ओढताना सरळ चालेल का, वळेल का, उतारावर थांबेल का, हे हुकाच्या जागेवर ठरते. ट्रॅक्टर लहान असेल तर हे जास्तच खरे. बांध्या लहान आणि धुरे जवळजवळ असलेल्या या जिल्ह्यात छोटे ट्रॅक्टर सोयीचे पडतात. पण घरचा ट्रॅक्टर छोटा आणि शेजाऱ्याकडून आणलेली ट्रॉली मोठी, ही जोडी इथे कोणाला नवी नाही.

अमेरिकेत हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. तिथे पिकअप ट्रकच्या मागे राहण्याची मोठी गाडी जोडून लोक महिनोन्‌महिने फिरतात. ही गाडी मागच्या बंपरला जोडत नाहीत. ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे एक जाड लोखंडी थाळी बसवतात आणि गाडीच्या नाकाखालची पिन तिच्यात अडकवतात. ही जोडणी म्हणजे ‘फिफ्थ व्हील’. वजन आसावर पडत असल्याने ट्रकचे पुढचे टोक उचलले जात नाही आणि मागची गाडी डुलत नाही. हौदा आठ फुटांचा असेल तर सगळे सुरळीत. पण साडेपाच-साडेसहा फुटी हौद्याचे ट्रक आले आणि पंचाईत झाली. मागची गाडी आठ फूट रुंद, म्हणजे पिनपासून तिचा कोपरा चार फूट बाजूला. आणि आसापासून केबिनपर्यंतचे अंतर त्याहून कमी. काटकोनात वळताना गाडीचा कोपरा थेट केबिनच्या मागच्या काचेत. यावर सरकणारी जोडणी निघाली. वळताना ती फूटभर मागे सरकते आणि सरळ रस्त्यावर पुन्हा आसावर येते. ती कायमची मागे का ठेवत नाहीत, तर आसाच्या मागे पडलेले वजन ट्रकची पुढची चाके हलकी करते.

हे सगळे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, कोहमारा किंवा देवरीजवळच्या एखाद्या ढाब्यापाशी उभे राहिले तरी दिसते. छत्तीसगडकडून येणाऱ्या लांब ट्रेलरच्या पुढच्या गाडीवर तीच ग्रीस माखलेली थाळी असते आणि ट्रेलरखाली ५० मिलिमीटर व्यासाची पिन, अतिअवजड ट्रेलरला ९० मिलिमीटरची. अशा ट्रेलरचा उगम एका लोहाराच्या भात्याजवळ सांगतात. १९१४ साली डेट्रॉईटमध्ये ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने फ्रेडरिक सिब्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याची होडी नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडायची गाडी बनवली आणि पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी उभी राहिली. गोंदियातल्या वेल्डिंगवाल्याला कमी लेखायचे कारण नाही, तो त्याच परंपरेतला माणूस आहे. पण त्याच्याकडून काय बनवून घ्यायचे हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे.

आता आपल्या बांधीत येऊ. दहा बाय सहा फुटांची, दोन फूट उंच फळ्यांची ट्रॉली सुट्या धानाने काठोकाठ भरली तर साधारण दोन टन माल बसतो. पण माल कट्ट्यांत असतो आणि थप्पी फळ्यांच्या कितीतरी वर जाते. चाळीस किलोचे शंभर कट्टे म्हणजे चार टन. ट्रॉली दोन चाकांची, तिचा आस मालाच्या मध्याच्या थोडा मागे. मालाचा मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आणि आसापासून हुकापर्यंत तीन मीटर अंतर धरले, तर चार टनांतले दहा टक्के, म्हणजे ४०० किलो, हुकावर येतात.

हे ४०० किलो ट्रॅक्टर पेलतो कसा? साधारण ८५० किलोच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर अंदाजे ३४० किलो भार असतो. पुढच्या-मागच्या चाकांत दीड मीटर अंतर, हूक मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे. तरफेच्या साध्या हिशेबाने पुढच्या चाकांवरचे १६० किलो कमी होतात, उरतात १८०. ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहावा, असा ट्रॅक्टर-पुस्तिकांमधला सर्वसाधारण दंडक आहे. इथे तो १७० किलो होतो. म्हणजे सपाट रस्त्यावर, उभ्या ट्रॅक्टरचा हिशेब जेमतेम जमला.

खरी गंमत पुढेच आहे. पांदणीवरून बांधीत वळताना ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला घासतो. अमेरिकेतल्या काचेचे हे आपल्याकडचे टायर. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे ट्रॅक्टरच्या हुकाला पट्टी वेल्ड करून तो फूटभर मागे आणणे. वळायला जागा होते, टायर वाचते. पण आता तेच ४०० किलो आसाच्या ९० सेंटिमीटर मागे पडतात, पुढच्या चाकांवरून २४० किलो उचलले जातात आणि उरतात फक्त १००. मग चढ लागला, क्लच झटकन सोडला, की स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर सरळच जातो. अमेरिकेतली जोडणी निदान सरकून परत जागेवर येते. वेल्ड केलेली पट्टी कायमची मागे राहते.

जागा हवी असेल तर ट्रॉलीचा दांडा लांब करून घ्यावा, ट्रॅक्टरचा हूक नव्हे. दांडा ४० सेंटिमीटरने वाढवला तर वळायला तेवढीच मोकळीक मिळते आणि तरफ उलटी चालते. हुकावरचा भार ४०० वरून साडेतीनशेपर्यंत खाली येतो. त्याची किंमत आहेच. लांब दांड्याला जाड चॅनल आणि मजबूत आडवे आधार लागतात, नाहीतर तो वाकतो. वळणावर ट्रॉलीचे आतले चाक जास्त आत कापते, म्हणून अरुंद पांदणीत नाली सांभाळावी लागते. मिलच्या आवारात मागे घेतानाही सवय करावी लागते. तरी हा सौदा फायद्याचाच.

हुकाची उंची हा दुसरा मुद्दा, आणि तो जीवावर बेतणारा. ओढ मागच्या आसाच्या खालून असावी. चिखलात रुतलेली ट्रॉली निघत नाही म्हणून साखळी टॉपलिंकच्या खिळीला बांधून जोर लावला, की मागची चाके जागच्या जागी राहतात आणि ट्रॅक्टरच स्वतःच्या आसाभोवती फिरून मागे उलटतो. याला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. चालकाला उडी मारायची बुद्धी होईपर्यंत सगळे संपलेले असते. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन नांगर जोडण्याची नवी पद्धत शोधत होता, त्यामागे ट्रॅक्टर मागे उलटण्याचे हेच भय होते. आज जगभरच्या ट्रॅक्टरवर दिसणारी तीन बिंदूंची जोडणी त्यातूनच आली. ती अवजारासाठी आहे, टोचन करण्यासाठी नाही.

कट्टे रचण्याची पद्धतही हुकाइतकीच महत्त्वाची. वरच्याच ट्रॉलीत पुढच्या टोकाचे दहा कट्टे उचलून मागच्या टोकाला ठेवले तर हुकावरचे ४०० किलो एकदम ४० वर येतात. ट्रॅक्टरचालकाला आधी बरे वाटते, गाडी हलकी चालते. पण मागची मोठी चाके दाबून धरणारे वजनच गेलेले असते, आणि वेग वाढला की ट्रॉली शेपूट हलवू लागते. मिलमध्ये हमालांनी पुढचे कट्टे आधी उतरवले आणि कोणी पिन काढली, तर दांडा उसळून वर येतो. तेव्हा दांड्याशी वाकलेला माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो.

चार चाकी ट्रॉली घेतली तर हा बराचसा जाच टळतो. तिच्या पुढच्या आसावर फिरणारी चकती असते, माल तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो आणि हुकावर जवळपास काहीच येत नाही. ती महाग पडते, आणि मागे घ्यायला निष्णात हात लागतो. बांधीत न उतरता डांबरी रस्त्यावरूनच मिलला माल नेणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘ट्रेलर’ आणि ‘सेमी-ट्रेलर’ यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत; ज्याच्या वजनाचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर येतो तो सेमी-ट्रेलर. दोन चाकी ट्रॉलीही काही भार ट्रॅक्टरवर टाकतेच, पण कागदावर ती निव्वळ ट्रेलर. विम्याच्या बाजूने एक दिलासा मात्र आहे. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेला चालक मागे ट्रेलर जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात दिला. पण विमा ट्रॅक्टरचाच आहे की ट्रॉलीचाही, हे कागद काढून बघितलेले बरे. अपघातानंतर पहिला वाद तिथेच निघतो.

ब्रेकची गोष्ट तर सांगायलाच लाजिरवाणी. चार-पाच टनांची ट्रॉली बहुतेक वेळा स्वतःच्या ब्रेकशिवाय धावते. सालेकसा-दरेकसाच्या डोंगराळ पट्ट्यात उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक मारला, की मागचा सगळा भार हुकावरून ट्रॅक्टरला ढकलतो. हूक सैल असेल, ट्रॅक्टर किंचित तिरका असेल, तर दोन्ही मिळून मध्येच दुमडतात. चिखलणीत वळायला सोपे जावे म्हणून डावा-उजवा ब्रेक वेगळा केलेला असतो, आणि रोवणीनंतर ते दोन पेडल पुन्हा जोडायचे राहून जातात. मग डांबरी रस्त्यावर एकच चाक थांबते.

कृषी विभाग यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज घेतो, कागद तपासतो. त्याच वेळी ट्रॅक्टरचे वजन आणि ट्रॉलीचा आकार यांचा मेळ बघायला काय हरकत आहे? साखरपट्ट्यात गाळप हंगाम आला की उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या त्या भागाचे सगळेच अनुकरणीय नाही, पण एवढे तरी धान खरेदी केंद्रांनी उचलावे. रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी चिकटवायला आणि हूक बघायला पाच मिनिटे पुरतात. गोंदियाच्या परिवहन कार्यालयानेही पासिंगच्या वेळी फळ्यांच्या रंगापेक्षा पिनकडे जास्त लक्ष द्यावे.

पिन म्हणजे कापलेली सळई नव्हे. ती दोन पट्ट्यांच्या मधून आरपार जावी, वरून टाकावी, खाली क्लिप असावी. बोल्टवर नट लावून भागवू नये. दांड्याचे भोक अंड्यासारखे लांबट झाले असेल तर प्रत्येक धक्क्याला पिनवर हातोडा बसतो आहे असे समजावे. सोबत एक साखळी दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सैल बांधलेली असावी, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली एकटी सुटत नाही.

आणि हिशेबावर विश्वास नसेल तर धर्मकाटा आहेच. राईस मिलचे आवार म्हटले की काटा जवळ असतोच. भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत आणि आकडा वाचावा. मग ट्रॉली सोडून एकटा ट्रॅक्टर पूर्ण काट्यावर घ्यावा. पहिला आकडा दुसऱ्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आला, तर कट्टे कमी करावेत, मागच्या ओळीकडे थोडे सरकवावेत किंवा वेल्डिंगवाल्याकडे जाऊन हुकाला जोडलेली ती फूटभर पट्टी कापून घ्यावी.