आधी मानेमागे पाहा

सोनेरी पाठीच्या सुतारांच्या नोंदी तपासताना एक शेरा वारंवार भेटतो : ‘दाट जंगल, म्हणून मोठा सोनपाठी.’ उद्या याच नोंदीच्या आधारे कुणी लिहिणार, की मोठा सोनपाठी दाट जंगलातच असतो. मग नकाशावर पक्षी कमी आणि आपले अंदाज जास्त. अधिवास हा फार तर इशारा. तो ओळखीच्या रकान्यात येता कामा नये.

सह्याद्रीत असे चार सुतार आहेत. गावातल्या नारळावरही दिसणारा साधा सोनपाठी, मोठा सोनपाठी, कोरड्या पानझडीतला पांढऱ्या मानेचा सुतार आणि कर्नाटक-केरळकडे तीन बोटांचा सोनपाठी. (बोटे मोजण्याची खूण संग्रहालयातल्या नमुन्यांसाठी ठीक, खोडाला चिकटलेल्या पक्ष्याची बोटे दुर्बिणीतून मोजणाऱ्याला आमचा दंडवत.)

चौघांत सर्वांत कुचकामी खूण पाठीची. केरळातल्या साध्या सोनपाठीची पाठ तर हिरवटसर असते. व्हिसलर आणि किनियर यांनी 1934 मध्ये या उपजातीला सालिम अलींच्या पत्नीवरून ‘तेहमिनी’ हे नाव दिले. शिवाय साधा आणि तीन बोटांचा हे दोघे डायनोपियम प्रजातीतले, तर उरलेले दोघे क्रायसोकोलाप्टस. या दुसऱ्या प्रजातीचे जवळचे नातलग अमेरिकेतले कॅम्पेफिलस सुतार. म्हणजे सोनेरी पाठीवरून नातेही जुळत नाही आणि ओळखही पटत नाही.

म्हणून नजर आधी मानेमागे न्यावी. ती काळी असेल तर डायनोपियम, पांढरी असेल तर क्रायसोकोलाप्टस. काळ्या मानेच्या पक्ष्याचा गळा पाहावा : काळ्यावर पांढरे ठिपके असतील तर साधा सोनपाठी, गळा फिका आणि मिशीची एकच ठसठशीत काळी रेघ असेल तर तीन बोटांचा. पांढऱ्या मानेच्या दोघांची मिशी दुहेरी, मध्ये पांढरी फट, त्यामुळे तिथे मिशी कामाची नाही. मानेचा पांढरा रंग पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरून काळ्या खांद्यांमध्ये त्रिकोण करत असेल, तर पांढऱ्या मानेचा. त्याच्या मादीचा तुरा पिवळा, मोठ्या सोनपाठीच्या मादीचा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा.

शेपटीच्या वरचा भाग ही पक्की खूण : साध्या आणि पांढऱ्या मानेच्या सुतारात काळा, इतर दोघांत लाल. पण बसलेल्या पक्ष्याचे मिटलेले पंख नेमका तोच झाकतात आणि सुताराला खोडामागे सरकायची खोड. त्यामुळे तो उडेपर्यंत दुर्बीण खाली घेऊ नये. फोटो घेणारे पहिल्या चांगल्या चौकटीनंतर कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके घालतात आणि लाल-काळ्याचा निकाल तेवढ्यात उडून जातो.

यापुढे आमच्या नोंद-सदरात या चौघांपैकी कुणाचीही नोंद पाठवताना मान, गळा किंवा शेपटीवरचा भाग यांपैकी काय प्रत्यक्ष दिसले ते लिहावे. काहीच दिसले नसेल तर ‘सोनपाठी, जात अनिश्चित’ असे लिहून पाठवा, तीही छापू.