शिक्षेच्या समितीत कोण बसावं?
सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीपासून लाजपोरचं मध्यवर्ती कारागृह फार लांब नाही. खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेल्या मराठी माणसांना ते ठाऊक असतं. सारख्याच गुन्ह्याला दोन न्यायालयांत निरनिराळी शिक्षा का होते, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. ही तफावत कमी व्हावी म्हणून फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या न्या. मलिमथ समितीने २००३ साली शिक्षेची सूत्रं ठरवणारी वैधानिक समिती सुचवली होती : अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती, सोबत अभियोग पक्ष, वकील, पोलीस, समाजशास्त्रज्ञ आणि स्त्री प्रतिनिधी. देशाला ती अजून मिळालेली नाही. मला तर ही यादीही अपुरी वाटते. शिक्षा भोगून आलेला माणूस तीत नाही, गुन्ह्याची झळ सोसलेलं कुटुंबही नाही. आमदार मात्र नकोतच! शिक्षामाफीच्या समितीत ते बसले की काय होतं, ते दिसलं आहे. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणात दोषींच्या मुदतपूर्व सुटकेची शिफारस करणाऱ्या गोध्रा तुरुंगाच्या सल्लागार समितीत सत्ताधारी पक्षाचे आमदार होते. १५ ऑगस्ट २०२२ रोजी अकरा दोषी बाहेर आले. खटला मुंबईत चालला, म्हणून माफीचा अधिकार गुजरातचा नव्हे, महाराष्ट्राचा, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती माफी रद्द केली. शिक्षा ठरवणाऱ्या किंवा माफ करणाऱ्या कोणत्याही समितीत मतं मागायला जाणारा एकही माणूस बसता कामा नये.